नाइटचा चेहरा सगळ्यात शेवटी: ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये चिलखतधारी पात्राचं रूप कसं ठरवावं

गेम उतरवला, कॅरेक्टर क्रिएटर (पात्राचं रूप घडवायचा भाग) उघडला, की बहुतेकांचा पहिला हात जातो नाकावर. मग डोळे, मग हनुवटी, मग पुन्हा नाक. यात दोन तास सहज जातात. त्यानंतर चिलखत चढतं, शिरस्त्राणाखाली तो घडवलेला चेहरा गडप होतो आणि पुढचे कित्येक महिने आपण बघत राहतो ती आपल्याच नाइटची, म्हणजे चिलखतधारी योद्ध्याची, पाठ, कारण कॅमेरा कायम मागे असतो.

हा घोळ मी दोनदा घातला आहे. दुसऱ्या वेळी गिल्डमधल्या (एकत्र खेळणाऱ्यांच्या गटातल्या) एका मैत्रिणीने पहिल्याच मोहिमेत विचारलं, "अरे, यातला तू कुठला?" राखाडी चिलखतातले आम्ही चौघे ओळीने उभे होतो. मलाही क्षणभर सांगता आलं नाही.

चूक कौशल्याची नसते, क्रमाची असते. क्रिएटर जो क्रम दाखवतो (वंश, चेहरा, केस, मग खेळ सुरू) तो नाइटसाठी उलटा आहे. खाली दिलेला क्रम आकृतीपासून सुरू होतो आणि चेहऱ्यावर संपतो.

## क्रिएटर उघडण्याआधी

कागद घ्या. फोनवरची नोंदही चालेल, पण लिहून काढा. तीन गोष्टी.

पहिली: या गेममध्ये नंतर काय बदलता येतं? प्रत्येक गेमचं उत्तर वेगळं आहे. 'गिल्ड वॉर्स २'मध्ये केस आणि चेहरा नंतर बदलता येतो, वंश मात्र कधीच नाही. चुकला तर नवं पात्र. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये न्हाव्याच्या दुकानात गेममधलं सोनं मोजून चेहरा, केस, त्वचेचा रंग बदलून मिळतो, पण वंश बदलायला खरे पैसे लागतात. 'फायनल फँटसी १४'मध्ये केस बदलायची वेगळी सोय आहे; वंश, उंची, चेहऱ्याची ठेवण बदलायची असेल तर फँटेशिया नावाचं औषध प्यावं लागतं. तुमच्या गेमसाठी दोन रकाने करा: 'कायमचं' आणि 'बदलतं'. वेळ पहिल्या रकान्यावर घालवायचा. केसांचा रंग बदलत्या रकान्यात असेल, तर त्यावर आज अर्धा तास घालवण्यात अर्थ नाही.

दुसरी: नाइटबद्दल एक ओळ. जन्मापासूनची कहाणी नको. निर्णय घेऊ शकेल अशी एकच ओळ हवी. "शूर आणि प्रामाणिक योद्धा" ही ओळ काहीच ठरवत नाही. "सीमेवरच्या चौकीत वीस वर्षं काढलेला, दोन वर्षांपासून पगार थकलेला सरदार" ही ओळ मात्र बरंच ठरवून टाकते: पोचे पडलेलं चिलखत, मळखाऊ रंग, सोन्याचं काम नाही, पाठीवर आखूड फाटका झगा, पिकलेली दाढी. "काल शपथ घेतलेली, अजून एकही लढाई न पाहिलेली दरबारी नाइट" म्हटलं की लगेच चकाकतं पोलाद, तुरा, स्वच्छ पांढरा-निळा असं चित्र उभं राहतं. आपली ओळ कामाची आहे का, हे तीन प्रश्नांनी कळतं. याचं चिलखत घासतं कोण? अंगावर चिन्ह कुणाचं? शेवटचा घाव कुठे बसला होता?

तिसरी: हत्यार. तलवार-ढाल की दोन हातांची लांब तलवार? लोक हे पाठीशी टाकतात आणि गेममध्ये ते खरोखरच पाठीशी येतं. म्यान केलेली ढाल नाइटची अर्धी पाठ व्यापते. ती आधी ठरली नाही, तर झगा निवडण्याची मेहनत वाया जाते.

> इशारा: नमुन्याची चित्रं जमवायची तर त्याच गेममधली जमवा. दुसरीकडून आणलेल्या सुंदर चित्रातलं चिलखत तुमच्या गेममध्ये नसतं, आणि मग सगळा वेळ नसलेल्या गोष्टीची नक्कल करण्यात जातो.

## टप्पा १: आधी कच्चा नाइट

खरं पात्र लगेच बनवू नका. पाच मिनिटांत एक कच्चं पात्र तयार करा, ज्या वंशाचा आणि बांध्याचा विचार आहे तो घ्या, चेहरा जो येईल तो राहू द्या आणि थेट जगात शिरा. हे पात्र फक्त मापं घेण्यासाठी आहे.

कारण साधं आहे. क्रिएटरमधला प्रकाश लाडावलेला असतो: समोरून मऊ उजेड, मागे गडद पडदा, कॅमेरा अगदी जवळ. तिथे गव्हाळ दिसलेली माझ्या एका नाइटची त्वचा जंगलात गेल्यावर अशी हिरवट पडली, की सहकाऱ्यांना वाटलं मी मुद्दाम पिशाच्च बनवलं आहे.

कच्च्या नाइटला घेऊन चार ठिकाणी उभे राहा: भर दुपारी मोकळ्या मैदानात, रात्री, गुहेत आणि गर्दीच्या चौकात. प्रत्येक ठिकाणी नेहमी खेळताना कॅमेरा जितका मागे ठेवता तितका ठेवून मागून आणि पुढून स्क्रीनशॉट घ्या.

मग चिलखतं अंगावर चढवून बघा. अंगावर नसलेलं चिलखतही 'प्रिव्ह्यू' किंवा 'ट्राय ऑन'ने घालून दाखवण्याची सोय बहुतेक मोठ्या गेममध्ये असते. काही क्रिएटरमध्येही ही सोय आहे. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मध्ये पात्र बनवतानाच नवख्याचे कपडे आणि पुढचं भारी चिलखत आलटून पालटून बघता येतं. हे बटण शोधा. सुरुवातीच्या फाटक्या सदऱ्यात छान दिसणारा बांधा पोलादात वेगळाच दिसतो.

> इशारा: ठरवलेलं नाव कच्च्या पात्राला देऊ नका. काही गेममध्ये पात्र डिलीट केलं तरी त्याचं नाव लगेच मोकळं होत नाही. माझं एक चांगलं नाव असंच अडकून पडलं.

## टप्पा २: आकृती

नाइट ओळखू येतो तो बाह्यरेषेवरून. त्यामुळे वंश, उंची आणि बांधा यांचा निर्णय चेहऱ्याच्या स्क्रीनवर नाही, सावलीवर घ्यायचा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे टाचणीचं डोकं. खांद्याचा स्लायडर (माप बदलायची सरकपट्टी) शेवटपर्यंत ओढलेला, छाती रुंद, डोकं नेहमीचं. उघड्या अंगावर हे खपून जातं, पण बऱ्याच गेममध्ये चिलखत बांध्याबरोबर मोठं होत जातं. खांद्याच्या पट्ट्या आणखी फुगतात आणि मध्ये डोकं वाटाण्याएवढं दिसतं. उपाय दोन: खांदे एक पायरी कमी करा, आणि डोक्याच्या आकाराचा स्लायडर असेल तर तो किंचित वाढवा. क्रिएटरमध्ये डोकं जरासं मोठं वाटलं पाहिजे. चिलखतात ते बरोबर बसतं.

नाइट म्हणजे डोंगरच असला पाहिजे, हाही एक गैरसमज. युद्धासाठीचं संपूर्ण पत्र्याचं चिलखत साधारण १५ ते २५ किलोचं असे, आणि वजन सगळ्या अंगावर वाटलेलं असल्यामुळे ते घालून माणूस धावू शके, घोड्यावर चढू शके. तेव्हा सडपातळ, चपळ नाइट अजिबात खोटा वाटत नाही. उलट टँकांच्या (पुढे राहून मार झेलणाऱ्या पात्रांच्या) घोळक्यात तोच वेगळा दिसतो.

उंचीचं एक व्यावहारिक अंग आहे. फार ठेंगणं पात्र गर्दीत दिसेनासं होतं. फार उंच पात्रामुळे अरुंद खोल्यांत कॅमेरा पाठीला चिकटतो. ठाम मत नसेल तर मध्याच्या थोडं वर थांबा.

> तपासणी: मागून घेतलेला स्क्रीनशॉट अंगठ्याच्या नखाएवढा लहान करा आणि पात्र पूर्ण काळं रंगवा. डोकं, खांदे, हत्यार वेगवेगळे कळतात का? नुसता चौकोनी ठोकळा दिसत असेल, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ३: चिलखत

इथे वेळ घालवा. नियम एकच: अंगावर एकच गोष्ट मोठ्याने बोलेल. खांद्यावर सिंहाचं तोंड असेल तर छाती साधी, शिरस्त्राण साधं, ढाल साधी. नवशिक्यांचा नाइट बहुतेक वेळा हरतो तो इथेच. एका राक्षसाकडून मिळालेले जळते खांदे, दुसऱ्याकडून मिळालेला शिंगांचा टोप, चमचमती तलवार, पंखांचा झगा. प्रत्येक वस्तू दुर्मीळ खरी, पण सगळं मिळून प्रदर्शनाचा स्टॉल.

निवडण्याचा क्रम असा ठेवा:

1. छाती. बाकी सगळं हिच्याभोवती फिरतं. अनेक चिलखतांत छातीचा तुकडाच मांड्यांपर्यंत उतरतो आणि पायांचं चिलखत निम्मं झाकतो. म्हणून पाय आधी निवडणं निरर्थक.
2. पाठ. झगा हवा की नको, हा प्रश्न लगेच इथेच. कॅमेरा मागे असल्यामुळे तुमच्यासाठी नाइटचा 'चेहरा' म्हणजे हीच जागा. ढाल पाठीवर राहणार असेल तर आखूड किंवा एका खांद्यावरचा झगा बघा, नाहीतर झगा नकोच.
3. खांदे. छातीच्याच धातूचे. दोन्ही खांदे वेगळे मिळत असतील तर ढालीच्या बाजूचा जाड ठेवा. आकृतीला चांगला कल येतो.
4. पाय, मग बूट. गुडघ्याची वाटी दोन्ही तुकड्यांना असेल तर एकावर एक दोन वाट्या दिसतात. बघून घ्या.
5. हातमोजे आणि पट्टा. हे सगळ्यात पटकन उरकायचं काम.

धातूची जात एक ठेवा. छाती मळकट, खिळे ठोकलेल्या पोलादाची आणि बूट आरशासारखे सोनेरी असले, तर बूट उसने आणल्यासारखे दिसतात. आणि गळा बघा. छातीवर बोटभर जाड पत्रा, पण गळा उघडाच, असा नाइट खूप ठिकाणी दिसतो. गळपट्टी असलेला छातीचा तुकडा घ्या, किंवा निदान गळ्याशी कड्यांच्या जाळीचं चिलखत दिसेल असा.

स्त्री नाइटच्या बाबतीत एक गोष्ट. खऱ्या छातीपत्र्याचा आकार बाहेर फुगलेला असे, कित्येकदा मधोमध उभी कड असे, म्हणजे घाव बाजूला घसरावा. स्तनांचा वेगवेगळा आकार ठोकलेला पत्रा नेमकं उलट करतो. घाव मधल्या खोबणीत, छातीच्या हाडाकडे वळवतो. गेम आहे, हवं ते घाला. पण लढाऊ दिसायला हवं असेल तर फुगीर, एकसंध पत्राच निवडा.

गेमचे नियमही आधी बघा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये २०११ साली ट्रान्समॉग आलं, म्हणजे एका चिलखताचे गुण ठेवून दुसऱ्याचं रूप चढवण्याची सोय. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'च्या आउटफिट पद्धतीत हलक्या, मध्यम, जड चिलखतांची रूपं हवी तशी मिसळता येतात. अशी सोय असेल तर रूपासाठी कमकुवत चिलखत घालून फिरण्याचं कारण नाही. सोय नसेल, तर शेवटच्या लेव्हलचं चिलखत डोळ्यांसमोर ठेवून आखा. मधल्या लेव्हलची भेसळ कुणाचीही चांगली दिसत नाही.

> तपासणी: पळा, उडी मारा, बसा, वाहनावर चढा, हत्यार उपसा आणि म्यान करा. झगा घोड्यातून आरपार जातो का? तलवारीची मूठ मांडीत घुसते का? असं थोडं क्लिपिंग (एक वस्तू दुसरीत घुसलेली दिसणं) प्रत्येक गेममध्ये असतं. उभं राहिल्यावर दिसणारं क्लिपिंग मात्र मान्य करू नका, कारण सगळ्यात जास्त वेळ पात्र उभंच असतं.

## टप्पा ४: रंग

तीन रंग पुरे. मुख्य रंग सहा भाग, दुसरा तीन भाग, ठिणगीपुरता तिसरा एक भाग. उघडं पोलाद हाही एक रंग मोजायचा. तो विसरला की तीनाचे चार होतात.

कोणता रंग कशावर, यासाठी युरोपातल्या नाइटांच्या ढालींवरच्या चिन्हांचा जुना नियम आजही कामाला येतो. त्यात सोनेरी-पिवळा आणि चंदेरी-पांढरा हे 'धातू', तर लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. निळ्यावर सोनेरी गरुड चालेल, निळ्यावर काळा नाही. यामागचं कारण दुरून ओळख पटावी हेच होतं, आणि गेममध्ये आपली अडचणही तीच आहे. तुमच्या चिन्हाचे रंग या नियमात बसत नसतील तर वीस पावलांवरून ते चिन्ह म्हणजे डाग.

काळ्याबद्दल दोन शब्द. काळ्या नाइटचा मोह सगळ्यांना होतो. शुद्ध काळा डाय (चिलखत रंगवायचा रंग) लावला की चिलखताचे कंगोरे, खिळे, सांधे सगळे बुडून जातात आणि रात्री तुम्ही एक भोक होता. कोळशासारखा गडद करडा घ्या आणि कडांना फिकट धातू ठेवा. डोळ्यांना तो काळाच वाटतो. पांढऱ्याचं उलट: उन्हात तो इतका उजळतो की नक्षी दिसेनाशी होते. किंचित पिवळसर किंवा राखी झाक असलेला पांढरा निवडा.

एकच डाय प्रत्येक तुकड्यावर सारखा दिसेल, हे गृहीत धरू नका. 'गिल्ड वॉर्स २'मध्ये चिलखताच्या एका तुकड्यावर चारपर्यंत रंगांच्या जागा असतात आणि तोच डाय कापडावर, चामड्यावर, धातूवर वेगळा उतरतो. तिथे नाव बघून नाही, डोळ्यांनी जुळवावं लागतं. छातीवर आणि बुटांवर कधी कधी दोन वेगळे डाय लावावे लागतात, तेव्हा कुठे ते एक वाटतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये डाय प्रकारच नाही. तिथे टप्पा ३ आणि ४ एकत्र करा आणि ज्या रंगात पूर्ण जोड मिळतो तिथून सुरुवात करा.

> इशारा: गिल्डचं चिन्ह झग्यावर किंवा ढालीवर येणार असेल तर त्याचे रंग आधी विचारून घ्या. आपला हिरवा-सोनेरी नाइट आणि पाठीवर गिल्डचा गुलाबी, हे दुःख नंतर आवरत नाही.

## टप्पा ५: शिरस्त्राण आणि केस

आधी ठरवा: शिरस्त्राण कायम घालणार, की लपवणार? लपवण्याचं बटण बहुतेक गेममध्ये असतं. दोन्ही चालतं, पण उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

कायम बंद शिरस्त्राण घालणार असाल तर चेहऱ्यावरचा वेळ सरळ वाचला. तो वेळ तुऱ्याच्या रंगाला आणि डोळ्यांच्या फटीच्या आकाराला द्या. आडवी अरुंद फट थंड दिसते, खाली उतरती फट उदास. उघड्या तोंडाचं शिरस्त्राण असेल तर भुवया, नाक आणि जबडा एवढंच दिसणार आहे.

केसांची गंमत अशी, की लांब मोकळे केस शिरस्त्राण घातलं की अनेक गेममध्ये गायब होतात, नाहीतर पत्र्यातून बाहेर डोकावतात. आखूड किंवा मागे बांधलेले केस घेतले की हा त्रास कमी. लांब दाढी गळपट्टीत घुसते. शिंगं किंवा मोठे कान असलेला वंश घेत असाल तर आणखी जपून: 'फायनल फँटसी १४'मध्ये २०१९ साली व्हिएरा आणि ह्रॉथगार हे वंश आले, आणि पुढे कित्येक वर्षं बरीच शिरस्त्राणं त्यांच्या डोक्यावर दिसतच नव्हती. शिरस्त्राण हाच तुमच्या नाइटचा जीव असेल, तर वंश ठरवण्याआधी कच्च्या पात्रावर तो टोप चढवून बघा.

## टप्पा ६: आता चेहरा

आता खरं पात्र बनवायला क्रिएटर उघडा. प्रकाश किंवा पार्श्वभूमी बदलता येत असेल तर सगळ्यात वाईट उजेड निवडा.

समोरून चेहरा बनवू नका. पात्र थोडं वळवा, तीन चतुर्थांश दिसेल इतकं. समोरून चांगलं दिसणारं नाक बाजूने चोचीसारखं निघतं. खालून वर या: जबडा, गाल, नाक, डोळे, भुवया. कोणताही स्लायडर टोकाला नेऊ नका. स्थिर असताना ठीक दिसणारे टोकाचे ओठ हसताना दातांतून बाहेर येतात. भुवया मात्र जरा ठळक ठेवा, दुरून भाव त्यांच्यावरच कळतो.

वय दिसू द्या. वीस वर्षं चौकीवर काढलेल्या सरदाराची त्वचा संगमरवरी नको.

व्रण एकच, फार तर दोन. समोरचा शत्रू उजव्या हाताने वार करतो असं धरलं, तर घाव बहुधा आपल्या डाव्या बाजूला बसतो. म्हणून डाव्या गालावरचा व्रण पटतो. आणि तो शिरस्त्राण जिथे उघडं आहे तिथेच हवा. बंद टोप घालणाऱ्याच्या नाकावर तिरका खोल घाव असेल तर कुणीतरी विचारणारच, टोप कुठे ठेवला होता? क्रिएटरमधलं 'डावं' म्हणजे पात्राचं डावं की तुमचं, हे आधी एक स्लायडर हलवून बघा. मी एकदा सगळं उलटं कोरून बसलो होतो.

> तपासणी: हसण्याची, रागाची, डोळे मिटण्याची हालचाल दाखवता येत असेल तर ती करून बघा. क्रिएटरमध्ये नसेल तर जगात गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत इमोट (पात्राकडून हावभाव करून घेण्याची आज्ञा) वापरून बघा, म्हणजे चुकलं तर पात्र नव्याने करायला काही वाटत नाही.

## टप्पा ७: पक्कं करण्याआधी

रूप जतन करण्याचं बटण असेल ('फायनल फँटसी १४'मध्ये आहे) तर दाबा. नसेल तर प्रत्येक स्लायडरच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. एखाद्या दिवशी दुसऱ्या सर्व्हरवर हाच नाइट लागेल, आणि आठवणीतून नाक पुन्हा जमत नाही.

मग तासभर खेळा, पण काहीही विकत घेऊ नका. डाय, ट्रान्समॉग, रूप बदलण्याची औषधं, सगळं थांबवा. या तासात कॅमेरा तीन वेळा मुद्दाम पूर्ण मागे ओढा: एकदा लढाईत, एकदा गर्दीत, एकदा रात्री. तिन्ही वेळा नजर आपणहून तुमच्या नाइटवर गेली, तर डायवर पैसे घाला. एकदाही शोधावं लागलं, तर चेहऱ्याला हात लावू नका. टप्पा २ आणि ४ कडे परत या. बहुतेक वेळा झग्याचा रंग बदलणं किंवा एक खांदा साधा करणं एवढ्यावर काम भागतं.

कच्चं पात्र यानंतरच डिलीट करा. त्याच्या पिशवीत पडलेली एखादी डायची कुपी आधी काढून घ्या.